पाठ करायचा शब्दकोश

प्रश्न : माझ्या आईच्या वडिलांना लहानपणी पाठशाळेत अमरकोश तोंडपाठ करावा लागला होता, असे आई सांगते. शब्दकोश पाठ कशासाठी करायचा? त्यात शब्द अ-आ-इ या क्रमाने नसतात म्हणे. मग हवा तो शब्द सापडायचा कसा?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागातच दुसऱ्याचे उत्तर आहे. जो कोश पाठ आहे, त्यात शब्द शोधावा लागत नाही.

आज आपण कोश उघडतो तो शब्द अडला म्हणून. शब्द समोर असतो, अर्थ हवा असतो. अमरकोश ज्यांच्यासाठी रचला गेला त्यांची गरज उलटी होती. त्यांच्या मनात अर्थ तयार असे, पण श्लोकाच्या चरणात नेमका बसेल असा शब्द हवा असे. अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा. त्यात पाचवे अक्षर लघू आणि सहावे गुरू हवे. कमळ म्हणायचे आहे, पण ‘कमल’ची तिन्ही अक्षरे लघू आणि त्या जागी तर सुरुवातीलाच गुरू हवे. मग ‘पद्म’ घ्या, नाहीतर ‘राजीव’ घ्या. कोशकर्त्या अमरसिंहाने वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या प्रकरणात, कमळाची सोळा नावे दिली आहेत. ती जिभेवर असणाऱ्या कवीचे काम अडत नाही. पांढऱ्या कमळाला ‘पुंडरीक’ आणि लाल कमळाला ‘कोकनद’ ही नावे त्याने या सोळांत न मिसळता वेगळी दिली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पर्याय म्हणजे वाटेल तो शब्द वाटेल तिथे, असा त्याचा समज नव्हता.

जुन्या पाठशाळेत विद्यार्थी आधी रूपावली आणि समासचक्र म्हणत, मग अमर, मग रघुवंशासारखी काव्ये. ‘अमर म्हणणे’ हा तेव्हाचा रोजचा शब्दप्रयोग. काव्य समोर येण्याआधीच मुलाकडे शब्दांची पुंजी असे. तुमच्या आजोबांनीही काव्ये याच वाटेने वाचली असणार.

अमरकोश हे आपण दिलेले नाव. ग्रंथाचे खरे नाव ‘नामलिंगानुशासन’, म्हणजे नामे आणि त्यांची लिंगे यांचे शास्त्र. सुमारे दीड हजार श्लोक आणि तीन कांडे, म्हणून त्याला ‘त्रिकांडी’ही म्हणत. पहिल्या कांडात स्वर्ग, आकाश, दिशा, काळ, बुद्धी, शब्द, नाट्य, पाताळ, नरक आणि पाणी. दुसऱ्यात आपण राहतो ती जमीन : भूमी, नगर, डोंगर, वनस्पती, प्राणी, माणूस आणि मग चार वर्ण, त्यांच्या व्यवसायांसह. तिसऱ्यात या मांडणीत न बसणारे सगळे, म्हणजे विशेषणे, अनेकार्थी शब्द, अव्यये आणि शेवटी लिंगाचे नियम. शब्दांचा क्रम इथे जगाच्या क्रमावरून लावलेला आहे. नदीचे नाव हवे तर पाण्याच्या वर्गात जायचे, दरवाजाचे हवे तर नगराच्या. जग कसे लावलेले आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला शब्दाची जागाही ठाऊक असते.

आता उपनगरातलेच उदाहरण घेऊ. एप्रिल-मे महिन्यांत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आपल्या कितीतरी रस्त्यांवर बहावा फुलतो. पिवळ्या फुलांचे घोस झाडभर लोंबत असतात. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात या झाडाची आठ नावे आहेत. मुख्य नाव ‘आरग्वध’. बाकीच्यांत ‘राजवृक्ष’ आहे, ‘कृतमाल’ आहे, ‘सुवर्णक’ आहे. ही तिन्ही दिसण्यावरून पडलेली. ‘चतुरंगुल’ आहे, ते मापावरून. ‘व्याधिघात’ आहे, ते वैद्याने दिलेले. एका झाडाकडे कोणी कोणी कोणत्या नजरेने पाहिले याची ही नोंद आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच जंगलात पांढऱ्या फुलांनी भरणाऱ्या कुड्याचे तसेच. ‘कुटज’ हे त्याचे नाव आपल्याला वैद्यांमुळे माहीत असते. अमरसिंह ‘गिरिमल्लिका’ही देतो, डोंगरातली मोगरी. आणि लगेच या झाडाच्या फळाची नावेही सांगतो, त्यातले एक ‘इंद्रयव’. काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन आज इंद्रजव मागा, पुडीत कुड्याचे बीच मिळते. दीड हजार वर्षांच्या आसपास जुन्या कोशातला शब्द एवढ्याशा फरकाने दुकानदाराच्या तोंडी आहे.

वनौषधिवर्गाच्या सुरुवातीला जंगल, बाग आणि झाड यांची सामान्य नावे येतात, मग मूळ, खोड, फांदी, पान, पालवी, कळी, फूल, मकरंद, पराग असे झाडाचे भाग, आणि त्यानंतर एकेक झाड. ही मांडणी कोणी ठरवून शिकवावे तशी आहे.

कोश पाठ करण्याचे दुसरे कारण ग्रंथाच्या नावातच आहे : लिंग. संस्कृतात विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालते, आणि लिंग अर्थावरून ओळखता येत नाही. बायको या अर्थाचे ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ चक्क पुल्लिंगी, तेही नेहमी अनेकवचनात. हे सगळे श्लोकात कसे सांगायचे? अमरसिंहाने सुरुवातीलाच आपले नियम घालून दिले. शक्य तिथे शब्दाचे रूपच लिंग सांगते. नाहीतर शेजारचा शब्द सांगतो. तेही जमले नाही तर तो स्पष्ट लिहितो. ‘त्रिषु’ म्हटले की तिन्ही लिंगांत, ‘द्वयोः’ म्हटले की पुल्लिंग आणि स्त्रीलिंग दोन्हींत. वेगवेगळ्या लिंगांचे शब्द एका समासात जोडायचे नाहीत, हे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. श्लोकात शब्द एकमेकांना चिकटून येतात, मग ‘पुल्लिंगी अनेकवचन’ ही सूचना आधीच्या शब्दाची की नंतरच्या? त्यासाठी त्याने ‘तु’ आणि ‘अथ’ या दोन चिमुकल्या अव्ययांना कामाला लावले. ‘अथ’ आला की मागचा विषय संपला, पुढे येईल ते पुढच्याचे. बायकोच्या नावांत ‘जाया’ झाल्यावर तो ‘अथ’ ठेवतो, मग ‘पुंभूम्नि’ ही सूचना, आणि मग ‘दाराः’. त्यामुळे सूचना दाराला लागते, जायेला लागत नाही. आपण छापील कोशात स्वल्पविराम, अर्धविराम आणि कंसातली ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’ वापरतो; त्याने तेच काम दोन अव्ययांकडून, कानाला कळेल असे करून घेतले. कारण हा ग्रंथ कानाने शिकायचा होता.

‘शब्द समोर आहे, अर्थ हवा’ ही आपली गरजही त्याला ठाऊक होती. तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग त्यासाठीच आहे, आणि तिथे शब्द अक्षराच्या क्रमाने लावले आहेत. मात्र शेवटच्या व्यंजनाच्या. क-अंती शब्द आधी, मग ख-अंती, असे पुढे. ‘हरि’ हा शब्द तिथे र-अंती शब्दांत सापडतो. विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, वारा, यम, किरण, सिंह, घोडा, माकड, पोपट, साप आणि बेडूक असे त्याचे तेरा अर्थ पुल्लिंगात, आणि पिंगट रंगाचा या अर्थी तिन्ही लिंगांत; हे सारे एका श्लोकात मावले आहे. पुढच्या कोशकारांनी हा धागा ताणून नेला. मेदिनीकोशात शेवटचे व्यंजन आणि त्याच्या आत अक्षरसंख्या असा दुहेरी क्रम आहे. यादवप्रकाशाच्या ‘वैजयंती’त अनेकार्थी शब्द अक्षरसंख्या, लिंग आणि पहिले अक्षर यांवरून लावलेले आहेत. म्हणजे वर्णक्रम आपल्या कोशकारांना सुचला नव्हता, असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. गरज पडली तिथे त्यांनी तो वापरला.

अमरसिंह हा काही पहिला कोशकार नव्हे. आधीच्या ग्रंथांतून वेचून, थोडक्यात मांडतो आहे, असे तो स्वतःच सांगतो. त्याच्या मागे फार जुना ‘निघंटु’ उभा आहे. वेदांतले शब्द अवघड वाटू लागले तेव्हा केलेल्या या याद्या : पृथ्वीची 21 नावे, सोन्याची 15, रात्रीची 23, वाणीची 57, पाण्याची तर 101. एकूण पाच अध्याय; पहिल्या तिनांत समानार्थी शब्द, चौथ्यात दुर्बोध शब्द, पाचव्यात देवतांची नावे. त्यांवर यास्काने ‘निरुक्त’ लिहिले. निरुक्ताचे मराठी भाषांतर वैजनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले. इतिहासाचार्य राजवाड्यांचे हे थोरले बंधू, आणि दोघांची आद्याक्षरे इंग्रजीत सारखीच असल्याने त्यांची पुस्तके ग्रंथालयाच्या यादीत एकमेकांच्या नावावर पडतात. निघंटु आणि अमरकोश यांत मोठा फरक आहे. निघंटु जुने वाङ्मय समजण्यासाठी, म्हणून त्यात क्रियापदेही आहेत. अमरकोश नवे वाङ्मय रचण्यासाठी, त्यात नामे, विशेषणे, अव्यये. क्रियापदांचे मूळ हवे तर धातुपाठ वेगळा पाठ करायचा.

क्रम बदलला की जग कसे बदलते हे पाहायचे तर अमरकोशाशेजारी हेमचंद्राचा ‘अभिधानचिंतामणि’ ठेवावा. बाराव्या शतकात पाटणला होऊन गेलेला हा जैन आचार्य. त्याच्या कोशाचे पहिले कांड देवाधिदेवांचे, म्हणजे तीर्थंकरांचे. इंद्रादी देव दुसऱ्या कांडात. मग माणसे, मग तिर्यंच म्हणजे इतर जीव, मग नरक, मग सामान्य शब्द. तिर्यंचकांडात तर एका इंद्रियाचे जीव, दोन इंद्रियांचे, तीन, चार आणि पाच इंद्रियांचे अशी चढती रांग आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती या एकेंद्रियांत. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत जीवदयेचा जो विचार लहानपणापासून कानावर पडतो, तोच या कोशाची अनुक्रमणिका ठरवतो. अमरसिंह स्वतः बौद्ध होता असे मानतात. स्वर्गवर्गात देव-असुरांच्या सामान्य नावांनंतर लगेच बुद्धाची नावे येतात आणि ब्रह्मा-विष्णूंची त्यानंतर. तरीही वैदिक पाठशाळांनी शतकानुशतके हाच कोश मुलांकडून म्हणवून घेतला, आणि जैन ग्रंथभांडारांनी तो जपला. तिबेटी भाषेत त्याचे भाषांतर झाले आणि ते त्यांच्या धर्मग्रंथांच्या संग्रहात जाऊन बसले. कोशाची योग्यता यापेक्षा वेगळी सिद्ध करायची गरज नाही.

त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अमरकोश शब्द कुठे वापरला आहे याचे उदाहरण देत नाही. अर्थ समजावत नाही. आठ शब्द एका ओळीत ठेवतो आणि त्यांतला एक तरी तुम्हाला ठाऊक असेल असे धरून चालतो. म्हणून टीका लागतात, आणि त्या अनेक झाल्या : काश्मीरच्या क्षीरस्वामीची, बंगालच्या सर्वानंदाची 1159 मधली, भानुजी दीक्षितांची. सर्वानंदाने संस्कृत शब्द समजावताना बोलीतले तीनशेहून अधिक शब्द दिले, आणि आज जुन्या बंगालीच्या अभ्यासकांना ते सोन्यासारखे आहेत. दुसरी उणीव समाजाची आहे. माणसांची नावे वर्णांच्या उतरंडीत लावलेली आहेत आणि कारागिरांचे सगळे कौशल्य शूद्रवर्गात टाकलेले आहे. कुंभार, विणकर, सोनार यांची नावे आणि हत्यारे त्या वर्गात फार तपशिलाने येतात. त्या काळच्या कामकरी जगाची इतकी चांगली यादी दुसरीकडे मिळणे कठीण, पण ती ज्या खान्यात ठेवली आहे तो खाना अन्यायाचा आहे. दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याला दिसल्या पाहिजेत.

आता तुमच्या मुलुंडजवळची गोष्ट. तिथून तिसरे स्टेशन कांजुरमार्ग, आणि तिथून पवईची आयआयटी जवळच. तिच्या संगणकशास्त्र विभागातल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली हिंदी वर्डनेट झाले, मराठी झाले, आणि संस्कृतचे प्राध्यापक मल्हार कुलकर्णी यांच्या सहभागाने संस्कृत वर्डनेटही झाले. 2010 मध्ये जागतिक वर्डनेट परिषद मुंबईत, याच संस्थेत भरली होती. वर्डनेट म्हणजे संगणकाला भाषा समजावी म्हणून केलेला कोश. कल्पना अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी 1985 मध्ये हाती घेतली. त्यात शब्द वर्णक्रमाने नसतात. एका अर्थाच्या शब्दांचा एक गट, त्या गटाची व्याख्या, एक उदाहरण. आणि गटागटांत नाती : अमुक हा तमुकाचा प्रकार, अमुक हा तमुकाचा भाग. झाड, त्याची फांदी, तिचे पान. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि शिवजा नायर यांनी अमरकोशातली अशी नाती एकेक करून उलगडली आणि संगणकावर मांडली. मिलर यांनी अमरसिंहाकडून काही घेतले, असे माझे म्हणणे नाही. ज्याला शब्द शोधायचा नसतो, भाषाच आत बाळगायची असते, त्याला अर्थानुसार लावलेला कोश लागतो. पाठशाळेतल्या मुलाची गरज ती होती आणि यंत्राचीही तीच आहे. आज भारतीय भाषांच्या या जाळ्यात संस्कृत, मराठी आणि कोकणीसह 18 भाषा आहेत.

प्रश्न : शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला राजव्यवहारकोश याच परंपरेतला का? की तो फक्त फारसी शब्दांना प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न होता?
(एक वाचक, अंधेरी)

उत्तर : दोन्ही. रघुनाथपंडित हणमंते यांच्या नावावर असलेला हा कोश 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचा. साचा थेट अमरकोशाचा आहे : अनुष्टुभ श्लोक आणि विषयवार वर्ग. वर्ग दहा : राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य. नुसती ही नावे वाचली तरी एका राज्याचा कारभार डोळ्यांपुढे येतो. अमरसिंह स्वर्गापासून निघतो, हा कोश राजापासून.

वेगळेपण हे, की अमरकोशात समान शब्द शेजारी बसतात. इथे एका बाजूला दरबारात रुळलेला फारसी किंवा दखनी शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यासाठी संस्कृत शब्द. म्हणजे हा दुभाषी कोश. अशा कोशाची वाटही नवी नव्हती. अकबराच्या काळात कृष्णदासाने ‘पारसीप्रकाश’ लिहून फारसी शब्द संस्कृतातून समजावले होते. तिथे उद्देश फारसी शिकण्याचा होता, इथे ती बाजूला सारून राज्याची भाषा उभी करण्याचा. साधन तेच, दिशा उलटी.

राज्याभिषेकाबरोबर पदांची नावे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती, पेशव्याचा मुख्य प्रधान. पुढे काय झाले हे आपण जाणतोच. सचिव, मंत्री आणि सेनापती हे शब्द टिकले आणि आज रोजच्या वर्तमानपत्रात आहेत. जुन्या अर्थाने नसले तरी आहेत. पेशवे मात्र शिक्क्यात मुख्य प्रधान म्हणवून घेत राहिले आणि लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. दुर्ग आणि किल्ला तर दोन्ही जगले. मला यात अपयश दिसत नाही. कोशाने शब्द उपलब्ध करून द्यायचे असतात. घ्यायचे की नाही ते बोलणारे ठरवतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 1962 मध्ये पदनाम कोश आला, तेव्हा त्यातल्या शब्दांवरही भरपूर टीका झाली. आज ‘जिल्हाधिकारी’ आणि ‘कलेक्टर’ दोन्ही आपण सहज बोलतो. तीनशे वर्षांच्या अंतराने तेच काम, तीच टीका, तोच निकाल.

प्रश्न : मुलीला आठवीत संस्कृत आहे. तिच्यासाठी घरात कोश घ्यायचा आहे. अमरकोश घ्यावा की आपट्यांचा? आणि पाठांतराला आता काही अर्थ आहे का?
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : दोन्ही घ्या, पण कामे वेगळी समजून घ्या.

वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. आपटे सावंतवाडीकडचे, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. 1892 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी केलेले काम पाहिले की मान आदराने झुकते. अमरकोशात जे नाही ते सगळे यात आहे : वर्णक्रम, प्रत्येक अर्थ वेगळा, आणि तो अर्थ कालिदास-भवभूतींनी कुठे वापरला त्याचा दाखला. प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी सुधारून वाढवलेली आवृत्ती 1957 ते 1959 या काळात तीन खंडांत निघाली. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. आठवीच्या मुलीला अडलेला शब्द पाहायला हाच कोश. विद्यार्थ्यांसाठीची लहान आवृत्तीही मिळते. सुरुवातीला ती पुरेल.

हाच मार्ग शेवटपर्यंत नेणाऱ्या मोठ्या संस्कृत कोशाचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात चालू आहे. 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी ते सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. पहिला भाग 1976 मध्ये आला आणि त्यानंतर निघालेले तीसहून अधिक खंड ‘अ’ या एका अक्षरातच आहेत. हे ऐकून लोक हळहळतात. पण एका शब्दाचा वेदांपासून शेवटपर्यंतचा सगळा प्रवास दाखल्यांसह द्यायचा तर वेळ लागणारच. घाईने उरकलेला कोश पुढच्या शंभर वर्षांना चुका पुरवतो, म्हणून या संथपणाच्या बाजूने मी उभा आहे.

अमरकोशाच्या बाबतीत मुंबईचे ऋण मोठे. 1877 मध्ये चिंतामणशास्त्री थत्ते यांनी महेश्वराच्या टीकेसह तो संपादला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने 1889 पासून ‘अभिधानसंग्रह’ या नावाने जुने संस्कृत कोश एकत्र छापले. अमराची पुरवणी म्हणून पुरुषोत्तमदेवाने लिहिलेला ‘त्रिकांडशेष’ त्यातच आहे. निर्णयसागरच्या टाइपाइतकी स्वच्छ देवनागरी आजही क्वचित दिसते. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ही याच शहरातला, एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना केलेला. तुम्हाला घ्यायची ती आवृत्ती मात्र साधी बघा : मूळ श्लोक, मराठी किंवा हिंदी अर्थ, आणि शेवटी शब्दांची अकारविल्हे सूची. सूची नसेल तर घेऊ नका. पाठ नसलेल्या माणसाला तिच्याशिवाय हे पुस्तक बंदच राहते.

पाठांतराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दीड हजार श्लोक कोणत्याही मुलावर लादू नयेत. पण तीस-चाळीस श्लोक जरूर म्हणवून घ्यावेत, आणि तेही अर्थ कळल्यावर. लहान वयात कानात बसलेली लय शब्दाचे लिंग, रूप आणि सोबती सगळे बरोबर घेऊन येते. दहावीच्या पेपरात ‘समानार्थी शब्द लिहा’ला गुण असतात, तेवढ्यासाठी हे करू नका. पुढे ती मेघदूत उघडेल तेव्हा दर ओळीला कोशाकडे धावावे लागणार नाही, यासाठी करा.

सुरुवात स्वर्गवर्गापासून करण्याचा रिवाज आहे. तुम्ही बोरिवलीत राहता, तेव्हा मी वनौषधिवर्गापासून करायला सांगेन. पळस, बहावा, कुडा, खैर, काटेसावर, कदंब ही झाडे उद्यानात आहेत. एका रविवारी एक झाड, त्याची अमरकोशातली नावे, मुलीच्या वहीत तिच्या हाताने. झाड नक्की ओळखता येईना तर वनस्पती जाणणाऱ्या कोणाला तरी बरोबर न्या, कारण जुन्या संस्कृत नावांपैकी काहींची ओळख टीकाकारांतही एकमताची नाही. अशा नावापुढे वहीत प्रश्नचिन्ह ठेवायला तिला सांगा.